शासकीय वित्ताधिकाऱ्यांच्या व्यावसायिक संघटना

केंद्रीय व राज्य शासने, नगरपालिका आणि अन्य स्थानिक स्वराज्य संस्था यांचा जमाखर्च, अर्थसंकल्प, कर्जउभारणी, गुंतवणूक व लेखे यांची जबाबदारी वाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्या व्यवसायाची पात्रता, शिस्त आणि कार्यपद्धती ठरविण्यासाठी स्थापन केलेल्या संस्था. सभासदांचे वेतन, बढती व सेवाशर्ती यांसाठी झगडणाऱ्या कर्मचारी संघांहून त्या भिन्न होत. ब्रिटनमध्ये एकच नगरकोषपाल १९०५ साली स्थापन झालेल्या स्थानिक शासनाधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघाचा (नॅल्गो) व आपल्या व्यावसायिक संस्थेचाही सभासद असे. पहिल्या संस्थेकडे तो पगारासाठी जाई. दुसरीकडे परीक्षा, पदवी आणि प्रसंगी आधार यांसाठी.

हा आधार का लागतो, हे वित्ताधिकाऱ्याच्या पदाचे स्वरूप पाहिल्यास ध्यानात येते. खाजगी मालकाचा मुनीम मालकाचाच पैसा मालकाच्या आज्ञेने खर्च करतो. नगरपालिकेचा कोषपाल निर्वाचित परिषदेच्या ठरावानुसार पैसे देतो. परंतु ते पैसे परिषदेचे नसून करदात्यांचे असतात. ठराव बेकायदेशीर असेल, अथवा जमेच्या बाजूस जे नाही ते गृहीत धरून केलेला असेल, तर सही कोणाच्या आज्ञेने करावयाची? नेमणूक करणारी आणि काढून टाकू शकणारी परिषद, म्हणून तिची आज्ञा पाळावी लागते; विश्वस्त म्हणून ती मोडणे भाग असते. प्रस्तुत संघटनांचा इतिहास हा पुष्कळ अंशी ह्या पेचातून काढलेल्या वाटांचा इतिहास आहे. काही देशांनी ही वाट कायद्याने काढली, काहींनी स्वतंत्र सेवावर्ग निर्माण करून; ब्रिटन व अमेरिका ह्या दोन देशांत मात्र व्यावसायिक संघटनेला त्यात मोठे स्थान मिळाले.

ग्रेट ब्रिटन : १८३५ च्या नगरपालिका अधिनियमाने इंग्लंड-वेल्समधील जुन्या, बंदिस्त नगरमंडळांच्या जागी करदात्यांनी निवडलेल्या परिषदा आल्या व प्रत्येक परिषदेने कोषपाल नेमावा, असे ठरले. आरंभी हे पद बहुधा गावातील एखाद्या पेढीवाल्याकडे असे. परिषदेचे खाते त्याच्या पेढीत आणि तोच कोषपाल, अशी सोयीची व्यवस्था होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिकांनी पाणीपुरवठा, वायुपुरवठा, ट्रामगाड्या, मलनिःसारण व बाजार ही कामे हाती घेतली आणि त्यांसाठी दीर्घ मुदतीची कर्जे काढली. जोसेफ चेंबरलिन हा बर्मिंगहॅमचा महापौर असताना (१८७३–७६) तेथील वायुकंपन्या व जलपुरवठा नगरपालिकेने विकत घेतला, हे त्याचे ठळक उदाहरण. अशा कर्जाची फेड वीस-तीस वर्षांत व्हावी म्हणून दरवर्षी कर्जनिवारण निधीत रक्कम बाजूला काढावी लागे. ती काढणे एखाद्या वर्षी टाळले, की त्या वर्षीचा कर कमी ठेवता येई आणि निवडणूक सुखाने पार पडे. ह्या मोहाला आळा घालण्याचे काम पेढीवाल्याच्या फावल्या वेळात होण्यासारखे नव्हते. त्यासाठी पूर्णवेळ, लेखाशास्त्र जाणणारा अधिकारी हवा होता.

अशा अधिकाऱ्यांनी १८८५ मध्ये मँचेस्टर येथे ‘कॉर्पोरेट ट्रेझरर्स अँड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली. पाचच वर्षांपूर्वी, १८८० मध्ये, इंग्लंड-वेल्समधील खाजगी व्यवसाय करणाऱ्या लेखापालांच्या संस्थेला राजसनद मिळाली होती. नगरपालिकांच्या नोकरीत असलेल्यांना आपले निराळे घर बांधावेसे वाटले, यात प्रतिष्ठेचा प्रश्न जसा होता, तसाच विषयाचाही होता. नफातोट्याचा ताळेबंद नगरपालिकेला फारसा उपयोगी नसतो. तिला नफा मिळवावयाचा नसून ठरावीक कामासाठी गोळा केलेला पैसा त्याच कामावर खर्च झाला, हे दाखवावयाचे असते. १९०१ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी होऊन ‘इन्स्टिट्यूट ऑफ म्युनिसिपल ट्रेझरर्स अँड अकाउंटंट्स’ हे नाव रूढ झाले. पुढे तिच्या परीक्षांना नगरपालिकांच्या नेमणुकांत मान्यता मिळत गेली. शाळा सोडून कारकून म्हणून लागलेला मुलगा रात्री अभ्यास करून ह्या परीक्षा उत्तीर्ण होई व कालांतराने मोठ्या शहराचा कोषपाल बने. विद्यापीठाची पायरी न चढता उच्चाधिकारपदी पोहोचण्याची ती एक वाट होती आणि संस्थेविषयी तिच्या सभासदांना वाटणाऱ्या आत्मीयतेचे एक कारण येथे आहे. १९५९ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. स्थानिक शासनाबाहेरच्या सार्वजनिक क्षेत्रातील लेखापालांनाही सामावून घेता यावे म्हणून १९७३ मध्ये तिचे ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक फायनान्स अँड अकाउंटन्सी’ (सिप्फा) असे नामांतर झाले. इंग्लंड-वेल्समधील सनदी लेखापालांच्या संस्थेत तिचे विलीनीकरण करण्याचा प्रस्ताव २००५ मध्ये मतास टाकण्यात आला. मोठ्या संस्थेच्या सभासदांचे आवश्यक ते दोन-तृतीयांश मताधिक्य थोडक्यात हुकले आणि तो बारगळला.

कोषपालाच्या पदाला कायद्याचा आधार मिळाला तो एका लहानशा गावच्या खटल्यामुळे. वेल्समधील टेन्बी ह्या समुद्रकाठच्या गावी परिषदेच्या आज्ञेने नगरनिधीतून अवैध रकमा देण्यात आल्या होत्या. ‘ॲटर्नी जनरल विरुद्ध डी विंटन’ (१९०६) ह्या खटल्यात न्यायमूर्ती फारवेल यांनी असा निर्णय दिला, की कोषपाल हा परिषदेचा केवळ सेवक नव्हे. नगरवासीयांच्या समुदायाशी त्याचे विश्वस्ताचे नाते आहे आणि बेकायदेशीर कृत्याबद्दल परिषदेच्या आज्ञेची सबब त्याला सांगता येणार नाही. ह्या निर्णयाने कोषपालावर ओझे टाकले, तसेच त्याच्या हाती एक साधनही दिले. ‘हे देयक मी देऊ शकत नाही’ हे म्हणणे आता उद्धटपणाचे न राहता कायदेशीर कर्तव्याचे ठरले.

तथापि प्रत्यक्ष वचक प्रदीर्घ काळ होता तो जिल्हा लेखापरीक्षकाचा. अवैध खर्चाची रक्कम तो संबंधित सभासदांकडून व्यक्तिशः वसूल करवू शके. लंडनमधील पॉप्लर येथील परिषदेने स्त्री-पुरुष कामगारांना आठवड्यास चार पौंड हे सारखे किमान वेतन दिले, ते अवाजवी आहे असे उमराव सभेने १९२५ मध्ये ठरविले. त्यापूर्वी १९२१ मध्ये ह्याच परिषदेच्या तीस सभासदांनी लंडनच्या वरिष्ठ मंडळांसाठी कर वसूल करून देण्याचे नाकारून तुरुंगवास पत्करला होता. गरीब वस्तीच्या भागाने श्रीमंत भागाइतकाच भार का उचलावा, हा त्यांचा प्रश्न होता व नंतर कायदा बदलून तो अंशतः मान्यही करण्यात आला. सुसंस्कृत जमाखर्च आणि न्याय्य जमाखर्च ह्या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही. वित्ताधिकाऱ्यांच्या संघटनांनी बहुतेक वेळा पहिलीचाच कैवार घेतला, हा त्यांच्यावरील जुना आक्षेप आहे. १९८५ मध्ये लिव्हरपूलच्या परिषदेने कर ठरविण्यास विलंब केला. त्यामुळे झालेली १,०६,१०३ पौंडांची हानी ४७ सभासदांवर बसविण्यात आली व १९८७ मध्ये उमराव सभेने ती कायम केली. व्यक्तिगत वसुलीची ही तरतूद २००० च्या स्थानिक शासन अधिनियमाने काढून टाकण्यात आली.

तोपर्यंत वित्ताधिकाऱ्याचे स्थान कायद्यात अधिक स्पष्ट झाले होते. १९७२ च्या स्थानिक शासन अधिनियमाच्या कलम १५१ नुसार प्रत्येक संस्थेने आपल्या आर्थिक कारभाराची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे सोपविणे आवश्यक झाले. लिव्हरपूल व अन्य शहरांतील संघर्षानंतर १९८८ मध्ये स्थानिक शासन वित्त अधिनियम आला. त्याचे कलम ११३ असे, की हा अधिकारी कायद्यात नमूद केलेल्या लेखापाल संस्थांपैकी एकीचा सभासद असला पाहिजे. सिप्फा ही त्यांपैकी एक होय. कलम ११४ अधिक कडक आहे. संस्थेने अवैध खर्च केला किंवा ती करण्याच्या बेतात आहे, अथवा वर्षाचा खर्च उपलब्ध साधनांपेक्षा जास्त होणार आहे, असे दिसताच ह्या अधिकाऱ्याने तसा अहवाल सर्व सभासदांना व लेखापरीक्षकाला दिलाच पाहिजे. एकवीस दिवसांच्या आत परिषदेची सभा होऊन त्यावर विचार व्हावा लागतो. साधने अपुरी असल्याचा अहवाल असेल, तर मधल्या काळात खर्चाचा नवा करार ह्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून करता येत नाही. कर्तव्यपालनासाठी पुरेसे कर्मचारी व जागा त्याला द्यावयाची आणि ‘पुरेसे’ म्हणजे किती हे त्याच्याच मताने ठरावयाचे, अशीही तरतूद त्या कलमात आहे. मालकाविरुद्ध लिहिण्याचे बंधन घातलेल्या नोकराला टेबल-खुर्ची मिळेल, याचीही काळजी संसदेला घ्यावी लागली.

व्यावसायिक संघटनेचे महत्त्व येथे स्पष्ट होते. कायदा अधिकार देतो. परंतु संस्थेची शक्ती ‘पुरेशी’ आहे किंवा नाही, राखीव निधी किती असावा, कर्ज कितपत पेलेल, हे कायद्यात लिहिता येत नाही. त्यासाठी व्यवसायाने मान्य केलेली परिमाणे लागतात. २००३ च्या स्थानिक शासन अधिनियमाने प्रत्येक कर्जासाठी केंद्र सरकारची मंजुरी घेण्याची पद्धत बंद केली आणि १ एप्रिल २००४ पासून स्थानिक संस्थांना आपली कर्जमर्यादा स्वतः ठरविण्याची मुभा दिली. अट एवढीच, की ती ठरविताना त्यांनी सिप्फाने तयार केलेल्या दूरदर्शिता संहितेकडे लक्ष द्यावे. अशा रीतीने एका खाजगी व्यावसायिक संस्थेच्या पुस्तकाला शासकीय नियमाचे वजन प्राप्त झाले. शिलकी रकमांची गुंतवणूक, लेख्यांचा नमुना व वित्तव्यवस्थापन (२०१९) यांविषयीच्याही तिच्या संहिता आहेत.

ह्या संहिता बहुशः ठेचा खाल्ल्यानंतर लिहिल्या वा सुधारल्या गेल्या. १९८० नंतरच्या दशकात हॅमरस्मिथ व फुलम ह्या लंडनच्या परिषदेने व्याजदर-अदलाबदलीचे करार अफाट प्रमाणात केले. त्यांचा तिच्या स्वतःच्या कर्जाशी काही मेळ नव्हता. तो व्याजदरांवरचा सट्टाच होता. असे करार करण्याचा अधिकारच स्थानिक संस्थांना नाही, असा निर्णय उमराव सभेने १९९१ च्या जानेवारीत दिला व नुकसान बँकांच्या माथी आले. त्याच वर्षी बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल बुडाली, तेव्हा स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांच्या परिषदेच्या दोन कोटी पौंडांहून अधिक ठेवी तीत अडकल्या होत्या. २००८ मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या, त्या वेळी ब्रिटनमधील शंभरावर स्थानिक संस्थांचे पैसे त्यांत होते. कालांतराने त्यांतील बराचसा भाग परत मिळाला. स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षेवर देखरेख करणाऱ्या ऑडिट कमिशनच्या ठेवीही त्याच बँकांत असल्याचे उघडकीस आले, यावरून ही चूक केवळ अजाणांची नव्हती हे दिसते.

कलम ११४ चा वापर प्रदीर्घ काळ क्वचितच झाला. २००० मध्ये हॅकनी परिषदेने असा अहवाल पाहिला. त्यानंतर जवळजवळ दोन दशके हे कलम निद्रिस्त राहिले. २०१८ च्या फेब्रुवारीत नॉर्दॅम्प्टनशर परगणा परिषदेच्या वित्ताधिकाऱ्याने ते जागे केले. सु. ५.३ कोटी पौंड खर्चून बांधलेली तिची नवी कचेरी आदल्या वर्षीच उघडली होती. शासनाने पाठविलेल्या निरीक्षकाने ही परिषदच विसर्जित करावी अशी शिफारस केली व एप्रिल २०२१ मध्ये तिच्या जागी दोन नव्या परिषदा आल्या. त्यानंतर क्रॉयडन (२०२०), स्लाउ (२०२१), थरॉक (२०२२), वोकिंग, बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅम (२०२३) येथे असे अहवाल निघाले. वोकिंगची कथा विलक्षण आहे. वर्षाला १.६ कोटी पौंडांचा मूळ निधी असलेल्या ह्या लहान परिषदेने हॉटेल, गगनचुंबी इमारती व इतर बांधकामांसाठी कर्जे काढली. तिच्या अहवालातील तूट १.२ अब्ज पौंडांची होती. शासकीय अनुदानांत २०१० नंतर झालेली कपात, समाजकल्याण सेवांचा वाढता बोजा व बर्मिंगहॅमच्या बाबतीत स्त्री कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाचे दावे ही कारणे त्यामागे होती. परंतु दूरदर्शिता संहिता समोर असतानाही ही कर्जे काढली गेली, ही गोष्ट राहतेच. संहितेकडे ‘लक्ष द्यावे’ ह्या शब्दप्रयोगात ती पाळलीच पाहिजे असा अर्थ नाही. शिवाय ह्या परिषदांचे वित्ताधिकारीही कायद्याप्रमाणे कोणत्या ना कोणत्या मान्य संस्थेचे सभासदच होते. अडचणीत आलेल्या काही परिषदांची, उदा., स्लाउची, आर्थिक तपासणी शासनाने सिप्फाकडेच सोपविली. पात्रता देणारी, नियम लिहिणारी व चुकांची चौकशी करणारी संस्था एकच असावी काय, हा प्रश्न त्यातून उद्‌भवतो.

फ्रान्समधील व्यवस्था तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथे खर्चाचा आदेश देणारा अधिकारी आणि प्रत्यक्ष पैसे देणारा सार्वजनिक लेखापाल ही दोन पदे काटेकोरपणे वेगळी ठेवलेली आहेत. लेखापाल हा राष्ट्रीय वित्तखात्याचा नोकर असल्यामुळे महापौराला त्याला दूर करता येत नाही. नियमाविरुद्ध दिलेल्या पैशाबद्दल तो स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असे आणि त्यासाठी हमी व विमा घेऊनच पदावर येई. शतकानुशतके चालत आलेली ही व्यक्तिगत जबाबदारी २०२२ च्या मार्चमधील अध्यादेशाने रद्द झाली व १ जानेवारी २०२३ पासून आदेश देणारे आणि पैसे देणारे अशा दोघांसाठी गंभीर चुकांच्या शिक्षेची एकच पद्धती लागू झाली. इतका भक्कम कायदा असल्यावर ब्रिटिश धर्तीच्या संघटनेची निकड तेथे भासली नाही.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : डी विंटन खटल्याच्याच वर्षी, १९०६ मध्ये, अमेरिकेत नियंत्रक व लेखाधिकारी यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अमेरिकी शहरांचा कारभार त्या काळी पक्षीय टोळ्यांच्या हाती असल्याबद्दल कुप्रसिद्ध होता. दोन शहरांचे लेखे एकमेकांशी ताडून पाहणे अशक्य असे, कारण प्रत्येकाची लिहिण्याची रीत निराळी. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल म्युनिसिपल लीगने एकसारख्या लेख्यांची मागणी लावून धरली होती. वित्ताधिकाऱ्यांची संघटना ह्याच सुधारणावादी वातावरणातून जन्मली. १९३२ मध्ये तिला ‘म्युनिसिपल फायनान्स ऑफिसर्स असोसिएशन’ हे नाव मिळाले व शिकागो हे तिचे केंद्र झाले. कार्ल चॅटर्स हा तिचा कार्यकारी संचालक होता. महामंदीमुळे अनेक शहरांना कर्जाचे हप्ते देता येईनात. १९३३ मध्ये डिट्रॉइटची फेड थकली. रोखे घेणाऱ्यांचा विश्वास परत मिळवावयाचा, तर लेखे विश्वसनीय हवेत, ह्या निकडीतून १९३४ मध्ये नगरपालिकीय लेख्यांविषयीची राष्ट्रीय समिती अस्तित्वात आली. तिच्या व तिच्या वारसदार समित्यांच्या शिफारशींचे निळ्या वेष्टनातील पुस्तक दीर्घकाळ अमेरिकी नगरपालिकांचा आधारग्रंथ होते.

१९४५ पासून ही संघटना चांगल्या वार्षिक वित्तीय अहवालांना प्रमाणपत्र देऊ लागली. अहवालांची छाननी दुसऱ्या गावांतील व राज्यांतील सहव्यावसायिक विनावेतन करतात. कायद्याची सक्ती नसताना केवळ समव्यावसायिकांच्या मान्यतेसाठी शेकडो गावे आपले लेखे सुधारू लागली, हे ह्या योजनेचे खरे यश. परंतु हे प्रमाणपत्र अहवाल पूर्ण व स्पष्ट असल्याचे असते, शहराची सांपत्तिक स्थिती उत्तम असल्याचे नव्हे. आरशात चेहरा स्वच्छ दिसतो, एवढ्यावरून प्रकृती ठीक असल्याचे ठरत नाही. सामान्य नागरिक व कित्येकदा नगरसेवकही हा भेद विसरतात.

१९७५ च्या न्यूयॉर्कच्या संकटाने ह्या सगळ्या पद्धतीची कसोटी पाहिली. त्या शहराने चालू खर्चाचा काही भाग भांडवली खर्चात दाखवून, येणे असलेल्या पण वसुलीची आशा नसलेल्या करांवर अल्पमुदतीची कर्जे काढून अनेक वर्षे अर्थसंकल्प कागदावर समतोल ठेवला होता. १९७५ च्या वसंतात बँकांनी नवी कर्जे नाकारली. राज्याने म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन व पाठोपाठ आणीबाणी वित्तनियंत्रण मंडळ नेमून कारभार ताब्यात घेतला. हजारो नोकऱ्या गेल्या व नगर विद्यापीठातील विनाशुल्क शिक्षण १९७६ मध्ये संपुष्टात आले. विशेष म्हणजे ह्या शहराचा नियंत्रक मतदारांनी निवडलेला असतो, म्हणजे परिषदेच्या दाबापासून तो मोकळा होता. निवडणूक हे स्वातंत्र्य देते, पण व्यावसायिक शिस्त देतेच असे नाही. कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्याचा कोषपाल रॉबर्ट सिट्रन हाही निर्वाचितच होता. त्याने स्थानिक संस्थांच्या एकत्रित ठेवींवर कर्जे काढून व्याजदर उतरतील ह्या भरवशावर गुंतवणूक केली. व्याजदर चढले, दीड अब्ज डॉलरांहून अधिक बुडाले आणि ६ डिसेंबर १९९४ रोजी परगण्याने दिवाळखोरी जाहीर केली. तत्पूर्वी बरीच वर्षे त्याच्या भरघोस व्याजाची वाहवाच होत होती.

न्यूयॉर्कनंतर लेखामानके ठरविण्याचे काम संघटनेच्या कक्षेतून हळूहळू बाहेर गेले. १९८४ मध्ये शासकीय लेखामानक मंडळ (गॅस्बी) हे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. ज्यांना नियम पाळावयाचे, त्यांनीच ते लिहू नयेत, हे तत्त्व त्यात मान्य झाले. त्याच वर्षी संघटनेने ‘गव्हर्नमेंट फायनान्स ऑफिसर्स असोसिएशन’ हे नाव घेतले. राज्ये, परगणे, शालेय मंडळे तसेच कॅनडातील अधिकारी तिचे सभासद आहेत. उत्तम अर्थसंकल्पांना पारितोषिक देणे व सर्वोत्तम कार्यपद्धतींच्या शिफारशी प्रसिद्ध करणे ही तिची इतर कामे होत. वार्षिक अहवालाचे प्रचलित नाव २०२१ मध्ये बदलण्यात आले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार दक्षिण आफ्रिकेतील एका वर्णद्वेषी अपशब्दासारखा होत असे. राज्यांच्या लेखापरीक्षक, नियंत्रक व कोषपालांची संघटना १९१५ पासून, तर संघशासनातील लेखापालांची १९५० पासून अस्तित्वात आहे. दुसरीने १९७५ मध्ये ‘असोसिएशन ऑफ गव्हर्नमेंट अकाउंटंट्स’ हे नाव घेऊन राज्य व स्थानिक पातळीवरील लेखापालांनाही प्रवेश दिला.

भारत : नगरपालिकेच्या पैशावर कोणाचा ताबा असावा, हा वाद मुंबईत एकोणिसाव्या शतकातच पेटला होता. १८६५ च्या अधिनियमाने सर्व कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती एकवटली. आर्थर क्रॉफर्ड ह्या आयुक्ताने (१८६५–७१) रस्ते, गटारे व त्याच्या नावाने ओळखली गेलेली मंडई (सांप्रत महात्मा जोतिबा फुले मंडई) उभारून शहराचे आरोग्य पुष्कळ सुधारले. पण खर्चाने तिजोरी रिती झाली आणि करदाते खवळले. १८७१ च्या चळवळीत फिरोजशहा मेहता यांनी दोष एकट्या क्रॉफर्डचा नसून व्यवस्थेचा आहे, असे मत मांडले. १८७२ च्या अधिनियमाने ६४ सभासदांची नगरपालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. १८८८ च्या अधिनियमाखालील व्यवस्थेत प्रमुख लेखापाल आयुक्ताच्या हाताखाली काम करतो, तर प्रमुख लेखापरीक्षकाची नेमणूक महानगरपालिका करते व तो आपले अहवाल स्थायी समितीला देतो. तात्पर्य, मुंबईने टेन्बीचा प्रश्न एकाच अधिकाऱ्यावर दुहेरी निष्ठा न लादता दोन अधिकारी वेगळे करून सोडविला.

भारतात अन्यत्रही हीच दिशा दिसते. वित्ताधिकाऱ्याचे स्वातंत्र्य येथे व्यावसायिक संस्थेपेक्षा सेवावर्गातून येते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेचा मुख्य लेखा व वित्त अधिकारी हा राज्याच्या वित्त व लेखा सेवेतील असतो. जिल्हा परिषदेचे सभासद त्याच्यावर नाराज झाले, तरी फार तर त्याची बदली होते, नोकरी जात नाही. बदली ही शिक्षा लहान नसते, हे मात्र तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलेल्या कोणासही ठाऊक असते. स्थानिक संस्थांच्या लेख्यांची तपासणी १९३० च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमानुसार राज्याची स्वतंत्र यंत्रणा करते. संघशासनात नियंत्रक व महालेखापरीक्षकाला संविधानाच्या १४८ व्या अनुच्छेदाने संरक्षण दिले आहे. १९७६ मध्ये केंद्रीय मंत्रालयांचे लेखे लेखापरीक्षेपासून वेगळे काढून भारतीय सिव्हिल लेखा सेवा निर्माण करण्यात आली. ह्या सेवांतील अधिकाऱ्यांचे व कर्मचाऱ्यांचे संघ आहेत. त्यांचा भर साहजिकच सेवाशर्तींवर असतो.

सिप्फासारखी, केवळ सार्वजनिक वित्ताची पात्रता देणारी सनदी संस्था भारतात निर्माण झाली नाही. १९४९ मध्ये अधिनियमाद्वारे स्थापन झालेल्या भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे लक्ष मुख्यतः खाजगी क्षेत्राकडे राहिले. २००० मध्ये तिने नागरी स्थानिक संस्थांच्या लेख्यांविषयी तांत्रिक मार्गदर्शिका काढली. रोख जमाखर्चाऐवजी उपार्जित तत्त्वावर दुहेरी नोंदीचे लेखे ठेवावेत, असे तीत सुचविले होते. त्या आधारे व महालेखापरीक्षकांच्या कृतिदलाच्या शिफारशींवरून २००४ मध्ये राष्ट्रीय नगरपालिका लेखासंहिता तयार झाली व राज्यांनी आपापल्या संहिता केल्या. अंमलबजावणीत मोठी अडचण आली ती माणसांची. रोकडवहीवर हयात घालविलेल्या नगरपालिकेच्या लेखापालाला मालमत्तेचा घसारा व येणे रकमांची तरतूद शिकविणारे, त्याची परीक्षा घेणारे व त्याला पदवी देणारे व्यवसायाचे स्वतःचे पीठ नव्हते. अनेक ठिकाणी दुहेरी नोंदीचे लेखे बाहेरच्या सनदी लेखापालांकडून वर्षअखेरीस करून घेण्याची प्रथा पडली. परिणामी नवे लेखे तयार झाले, पण अर्थसंकल्प मांडताना जुनीच रोकडवही समोर राहिली. लेखापरीक्षा सेवेतील निवृत्त अधिकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ऑडिटर्स ऑफ इंडिया’ ही संस्था संशोधन व प्रशिक्षणाचे काम करते. शासकीय लेखामानके सुचविण्यासाठी महालेखापरीक्षकांनी २००२ मध्ये नेमलेले सल्लागार मंडळ हे व्यवसायाचे नसून शासनाचेच अंग आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७७ मध्ये म्यूनिक येथे स्थापन झालेल्या लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८६ मध्ये सार्वजनिक क्षेत्रासाठी एक समिती नेमली. २००४ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय सार्वजनिक क्षेत्र लेखामानक मंडळात रूपांतर झाले. ह्या मंडळाची मानके कोणत्याही देशावर बंधनकारक नाहीत.